अश्मयुगाचे ताट कोणी वाढले?

थ्रेड लांब आहे. सवडीने वाचावा.

दिवाळीच्या सुट्टीत मी डोणगावला गेले होते. मेहकर तालुका, जिल्हा बुलढाणा. आमच्या घरात त्या वेळी एक मूक युद्ध चालू होते. माझ्या मावसभावाने चार महिन्यांपूर्वी ‘पॅलिओ डाएट’ सुरू केले होते. भाकर बंद, वरण बंद, दूध-दही बंद, साखर तर बंदच. अंडी, कोंबडी, भाज्या, फळे आणि मूठभर बदाम यांवर गडी नऊ किलोंनी हलका झाला होता. आजीला ते अजिबात पटत नव्हते. “भाकर सोडली म्हंते हा. मंग खाते काय?” हा तिचा प्रश्न दिवसातून दोनदा तरी होई.

भावाचे उत्तर ठरलेले होते. “आजी, शेती यायच्या आधी माणूस हेच खायचा. हेच आपल्या पूर्वजांचं खरं जेवण.” इथवर गंमत होती. पण मावशीला आठ वर्षांपासून मधुमेह आहे आणि तिनेही हेच ताट घ्यावे असा त्याचा आग्रह होता. शेवटी तो माझ्याकडे वळला. “ताई, तू इतिहासवाली. तूच सांग यांना.”

मी आहारतज्ज्ञ नाही. मावशीने काय खावे हे तिचे डॉक्टर सांगतील. पण ‘पूर्वज हेच खात होते’ हे विधान वैद्यकाचे नाही, इतिहासाचे आहे, आणि ते तपासणे हे आमचेच काम.

आधी या आहाराचाच इतिहास पाहू, कारण तो अश्मयुगाचा नाही. वॉल्टर व्होटलिन या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने १९७५ साली अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले. ते फारसे चालले नाही. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कोनर यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पुराश्मयुगीन पोषणावर लेख प्रसिद्ध केला आणि या कल्पनेला विद्वत्तेची प्रतिष्ठा मिळाली. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: माणसाचे शरीर लाखो वर्षे शिकार आणि कंदमुळांवर घडले, शेती मात्र जेमतेम दहा हजार वर्षांची. शरीर जुने आणि ताट नवे, म्हणून मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा. २००२ साली लोरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने हा विचार स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवला. धान्य, कडधान्य आणि दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य, ही आज प्रचलित असलेली यादी मुख्यतः तिथून आली. म्हणजे भावाचे ‘आदिम’ ताट वयाने माझ्याहून फार मोठे नाही.

या विचाराला आणखी एक पार्श्वभूमी आहे. १९६६ मध्ये शिकागोला ‘मॅन द हंटर’ नावाची परिषद भरली होती. तिथे रिचर्ड ली यांनी कालाहारीतील सान लोकांच्या अन्नाचा हिशोब मांडला. परिषदेचे नाव शिकाऱ्याचे, पण हिशोबात निम्म्याहून अधिक अन्न वनस्पतींचे निघाले. मोंगोंगो नावाच्या झाडाच्या बिया त्यांच्या पोटाचा मोठा आधार होत्या. त्या गोळा करण्यात मोठा वाटा बायकांचा.

आता आपल्या मातीकडे येऊ. दख्खनमध्ये अश्मयुगीन माणूस होता याबद्दल शंका नाही. प्रवरेच्या काठी नेवाशाजवळ चिरकी येथे गुडरून कॉर्व्हिनस यांनी १९६०च्या दशकात उत्खनन केले. तिथे हातकुऱ्हाडी आणि फरश्या मोठ्या संख्येने मिळाल्या. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याची कवचे सापडली. त्यांतील एकावर जाळीदार नक्षी कोरलेली आहे. तिचे वय सुमारे २५ हजार वर्षे. खानदेशात एकेकाळी शहामृगे फिरत होती, ही कल्पना मला अजूनही विलक्षण वाटते.

पण त्या माणसाच्या ताटात काय होते? इथे पुरावा आपली साथ सोडतो. आपल्याकडे दगड उरतो, हाड क्वचित उरते, आणि पाने, कंद, फळे तर उरतच नाहीत. महाराष्ट्रात पुराश्मयुगीन मानवी सांगाड्यांचा भक्कम पुरावा नाही. जवळचा अवशेष म्हणजे १९८२ साली अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोरा येथे मिळालेली कवटी. तीही फक्त कवटीची वरची टोपी आहे. तिच्यासोबत दात नाहीत, म्हणजे जेवणाचा सर्वांत बोलका साक्षीदारच गैरहजर. जनावर सोलायचे दगडी हत्यार लाख वर्षे टिकते, कंद उकरायची काठी टिकत नाही. म्हणून संग्रहालयात उभे राहिले की अश्मयुग फक्त मांस खात होते असा भास होतो.

जिथे सूक्ष्म अवशेष शोधले गेले, तिथे चित्र पालटले. इस्राएलमध्ये गॅलिली सरोवराच्या काठावरील ओहालो-२ या सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जंगली सातू आणि गहू गोळा केला जाई. दाणे दळायचा दगड मिळाला आणि त्यावर पिष्टमय कण चिकटलेले होते. म्हणजे शेती सुरू होण्याच्या दहाएक हजार वर्षे आधी जाते-वरवंटा हजर होता. इराकमधील शानिदार गुहेतील निअँडरथल माणसाच्या दातांवरच्या किटणातही शिजवलेल्या सातूच्या वर्गातील दाण्यांचे कण मिळाले. निअँडरथल! ज्याला आपण अस्सल मांसाहारी रानटी म्हणून रंगवतो, तो.

आजीच्या कामाचा पुरावा मात्र मोझांबिकचा आहे. न्गालुए नावाच्या गुहेतील दगडी हत्यारांवर ज्वारीच्या जंगली भाऊबंदांचे पिष्टकण सापडल्याचे हुलिओ मर्काडेर यांनी २००९ साली ‘सायन्स’मध्ये मांडले. काळ किमान १ लाख ५ हजार वर्षांपूर्वीचा. ते कण खाण्यामुळेच आले की गवत अन्य कामासाठी गुहेत आणल्यामुळे, यावर वाद झाला. तो वाद गृहीत धरूनही ‘धान्य हे अश्मयुगाला ठाऊकच नव्हते’ हे वाक्य आता उच्चारता येत नाही.

हे मी आजीला सांगितले तेव्हा ती विजयी मुद्रेने भावाकडे पाहू लागली. मग तिलाही थोडे निराश करावे लागले. कारण ‘आपले पूर्वज भाकरच खात होते’ हेही तितकेसे खरे नाही. ज्वारी आफ्रिकेची. माणसाळवलेल्या ज्वारीचा सर्वांत जुना पुरावा पूर्व सुदानमधला, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे ती इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात आली असे मानले जाते. भाकरीसोबतच्या ठेच्यातली मिरची अमेरिकेची, ती पोर्तुगीजांमागोमाग आली. शेंगदाणाही तिकडचाच. आणि डोणगावच्या शिवारात आज नजर जाईल तिथे जे दिसते, ते सोयाबीन तर गेल्या काही दशकांतले. त्याने ज्वारीला बांधाबाहेर काढले आहे. भावाने सोडलेली भाकर गावाने आधीच अर्धी सोडलेली आहे. फक्त त्याची चर्चा होत नाही.

शरीरही थांबून राहिलेले नाही. २००७ मध्ये जॉर्ज पेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पिष्टमय अन्न खाणाऱ्या समाजांत लाळेतील अमायलेजच्या जनुकाच्या प्रती सरासरीने अधिक असतात. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता देणारा जनुकीय बदलही शेती-पशुपालनानंतरच पसरला. भारतात तो वायव्येकडे अधिक आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी आढळतो. दहा हजार वर्षे उत्क्रांतीला पुरत नाहीत, हे गृहीतक इथे अडखळते.

तरी भावाच्या बाजूचा पुरावा दडवणे अप्रामाणिक ठरेल. गंगेच्या खोऱ्यात सराय नाहर राय, महादहा, दमदमा येथे मध्याश्मयुगीन शिकारी-संग्राहकांच्या दफनभूमी मिळाल्या. ही माणसे उंच होती, हाडापेराने मजबूत होती आणि त्यांच्या दातांना कीड कमी होती. शेतीसोबत दातांची कीड वाढते, हे जगभर दिसलेले सूत्र आहे. पिठूळ, मऊ, चिकट अन्नाची ती किंमत. (सराय नाहर रायच्या एका सांगाड्यात गारगोटीचे बाणाग्र रुतलेले मिळाले. दात चांगले होते, शेजारी नव्हते.)

म्हणजे प्रश्न असा उरतो: शेती करणारा समाज पुन्हा शिकार आणि संग्रहाकडे वळला तर त्याची प्रकृती सुधारते का? असा प्रयोग आज कोणी पूर्ण समाजावर करू शकत नाही. पण महाराष्ट्रात तो घडून गेलेला आहे. या थ्रेडचे खरे कारण तेच.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षे तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे हे गाव नांदले. त्याचे तीन टप्पे: माळवा, पूर्व-जोर्वे आणि उत्तर-जोर्वे. (जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील गाव. तिथल्या विशिष्ट मडक्यांवरून संस्कृतीला नाव पडले.)

पूर्व-जोर्वे काळात, म्हणजे सुमारे इ.स.पू. १४०० ते १००० दरम्यान, गाव सुस्थितीत होते. चौकोनी, ऐसपैस घरे. नदीचे पाणी वळवणारा बांध आणि पाट. गावप्रमुखाचे मानले गेलेले पाच खोल्यांचे घर आणि त्याच्या शेजारी धान्यकोठार असावे अशी वास्तू. मुख्य पीक सातू, सोबत गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, वाल. मुकुंद काजळे यांनी जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून ही यादी सिद्ध केली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतून सांडलेले दाणे त्यांनी मोजले, हे वाचताना मला माझ्या प्रबंधाच्या तक्रारी फार क्षुल्लक वाटल्या.

इ.स.पू. १००० नंतर चित्र बदलते. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात. शेती आकसते. गुरांच्या हाडांचे प्रमाण घटते, शेळ्या-मेंढ्यांचे वाढते, आणि काळवीट, चितळ अशा शिकारीच्या जनावरांचेही वाढते. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की पाऊसमान घटले, शेती परवडेना आणि लोक अर्धभटके पशुपालक-शिकारी झाले. शेती पूर्ण थांबली नव्हती, पण ताटातले धान्य कमी झाले आणि मांस व रानातले अन्न वाढले. आजच्या भाषेत सांगायचे तर इनामगावचे ताट पॅलिओच्या दिशेने सरकले.

त्याचा शरीरावर काय परिणाम झाला? हे सांगायला इनामगावात साक्षीदार आहेत, आणि ती बहुतांशी लहान मुले आहेत. इथे मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. बालकांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यांत निजवत. अशी दोनशेहून अधिक दफने मिळाली. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी या मुलांच्या दातांवरील वाढ खंडित झाल्याच्या खुणा अभ्यासल्या. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या हाडांवरून त्यांची वाढ, उंची आणि वजन यांचा अंदाज बांधला. त्यांचे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा की उत्तर-जोर्वे काळातील मुलांची वाढ खुंटलेली होती, उंचीच्या मानाने त्यांची शरीरे कृश होती आणि बालमृत्यू मोठ्या प्रमाणात होत होते. हे सारे केवळ हवामानाच्या माथी मारता येत नाही, समाजाने घेतलेले निर्णयही त्यात आहेत, असेही त्या म्हणतात.

थोडक्यात, इनामगावात वजन घटले. पण ते मुलांचे घटले.

अर्थात माझ्या भावाची अंडी-कोंबडी आणि इनामगावची टंचाई एक नव्हेत. त्याला भूक लागली तर फ्रीज आहे. पण नेमका हाच फरक ‘पूर्वजांचे जेवण’ या शब्दांत गडप होतो. धान्य टाकून रानाकडे जाणे हा आपल्या इतिहासात बहुधा आरोग्याचा निर्णय नव्हता, पीक हातचे गेल्याचा परिणाम होता.

आजीचे सगळे ऐकून झाल्यावर ती बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल बोलू लागली. तेव्हा तिचे नुकते लग्न झाले होते. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तीही ज्वारीच, पण तिची भाकर थापली की चिरायची. तरोट्याची भाजी, घोळ, अंबाडी, बोरे, मिळेल ते. “ते काय हौसेनं खाल्लं का?” ती म्हणाली. १८९९-१९०० च्या दुष्काळातही वऱ्हाडात रानातल्या पाल्या-कंदांनी जीव तगवले. तरोटा आज शहरात ‘रानभाजी महोत्सवात’ मिळतो. आजीच्या पिढीच्या जिभेवर त्याला टंचाईची चव आहे. भाकर सोडल्याचे ऐकून तिला राग का येत होता, हे मला त्या संध्याकाळी कळले. तिच्यालेखी भाकर आपण सोडत नसतो, ती सुटते.

आणि ज्यांनी शिकार-संग्रहाची परंपरा खरोखर आपल्या काळापर्यंत जपली, त्यांचे काय झाले? के. सी. मल्होत्रा, एस. बी. खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी १९८३ साली महाराष्ट्रातील तीन भटक्या समाजांच्या शिकारपद्धतींवर निबंध लिहिला. फासेपारधी फास लावून काळवीट, तितर, लावे धरत. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने साळिंदर, घोरपड, रानडुक्कर मारत. वैदू मुंगूस, उदमांजर असे छोटे प्राणी, खेकडे आणि कासवे पकडत. एकाच माळावर तिघांची पोटे, पण एकमेकांच्या ताटात हात नाही. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांसह अनेक समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो शिक्का कायद्याने १९५२ साली पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार बेकायदा केली. वन्यजीव वाचवणे आवश्यकच होते, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण ‘शिकाऱ्यांचा आहार’ जिमच्या फलकावर झळकतो आणि पारध्याच्या पालावर पोलीस येतात, हे दोन्ही एकाच तालुक्यात घडू शकते.

मावशीच्या मधुमेहाकडे येते. इथे अश्मयुगापेक्षा अलीकडचा इतिहास अधिक उपयोगी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काटा दोघांना समान म्हणतो, शरीर म्हणत नाही. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळे वजनाने लहान, पण त्या मानाने अंगात मेद राखलेली निघाली. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. उपासमारीचा हिशोब पुढच्या पिढीच्या रक्तात वसूल होतो, असे या साऱ्या संशोधनातून दिसू लागले. बाहत्तरच्या दुष्काळानंतर तीन वर्षांनी जन्मलेली माझी मावशी त्यातलीच एक आहे का, हे मी सांगू शकत नाही. पण तिच्या साखरेचा दोष एकट्या भाकरीच्या पदरात टाकायला मी तयार नाही.

मग भावाचे नऊ किलो कशाने गेले? बिस्किटे, फरसाण, कोल्ड्रिंक आणि रात्रीचा वडापाव बंद झाला, प्रथिने वाढली, पोट भरू लागले. त्यात जादू काही नाही आणि चूकही काही नाही. स्वीडनमध्ये ७० लठ्ठ, रजोनिवृत्त स्त्रियांवर दोन वर्षे चाललेली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाचा मेद दुसऱ्या गटापेक्षा अधिक घटलेला होता. दोन वर्षांनी दोन्ही गटांतला तो फरक उरला नाही. मावशीने मात्र गोळ्या चालू असताना ताट एकदम बदलू नये, एवढे मी आग्रहाने सांगितले, आणि भावाने तिला डॉक्टरांकडे नेण्याचे कबूल केले.

निघायच्या दिवशी आजीने पितळेच्या ताटात त्याला अंड्याची पोळी, मेथीची भाजी आणि शेजारी, न विचारता, चतकोर भाकर वाढली. त्याने ती खाल्ली. पॅलिओवाल्यांनी कृपया कळवू नये.

पुण्यात असाल तर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन इनामगावचे अवशेष जरूर पाहा. आणि घरी कोणी बाहत्तरचा दुष्काळ पाहिलेले असेल, तर तेव्हा चुलीवर काय शिजत होते ते विचारून खाली लिहा. गावाचे आणि तालुक्याचे नाव टाका. रानभाज्यांची नावे तुमच्या बोलीतच लिहा, प्रमाण मराठीत आणू नका.